नेढं

टेकडीवरून आम्ही गाव मोजत उतरलो, पासष्टच्या ऑक्टोबरात.
तिपाई, फीत, लाल-पांढरे बांबू,
आणि माझ्या काखेत गुंडाळलेलं उद्याचं रेडिच:
नव्वद हजार माणसं, एक तळं, शाळा,
आणि रस्ते असे की चौक म्हणून नाहीच,
नुसते गोल, गोलाला खेटून गोल,
कपबशा उचलल्यावर टेबलावर राहतात तसे.

मी बावीसचा. बर्मिंगहॅमचा.
सुई म्हणजे आईच्या बिस्किटांच्या डब्यातली वस्तू,
याउपर काही ठाऊक नव्हतं.

मिसेस बॅटसननं दार उघडलं तेही पाऊणच.
"परसातून आलास? मग तळवे बघ."
बुटाच्या सोलमध्ये तीन सुया, गंजून तपकिरी.
"दोनशे वर्षांचा टाकाऊ माल मुरलाय या मातीत.
इथली कोंबडीसुद्धा बघून पाय टाकते."

चहा दिला. दूध विचारलं नाही, ओतलंच.
तिचा आजा टोकं काढायचा, कोरड्या दगडावर,
एका वेळी मूठभर तारा, तोंडासमोर ठिणग्यांचा झोत.
पगार भरपूर, आयुष्य आखूड.
धूळ ओढणारे पंखे बसवायला मालक निघाले
तर कामगारच आडवे आले,
धूळ गेली तर जादा मजुरीही जाईल म्हणून.
"चौतिसाव्या वर्षी गेला. खोकत. पण गेला तो नव्या कोटात."
ती स्वतः चौदाव्या वर्षापासून सुया निवडायची,
बोटाला चिंधी गुंडाळून रास ढकलायची;
टोकं चिंधीत रुतत, नेढी मागे राहत.
"सोपं आहे रे. जे टोचतं ते एका बाजूला."

मग म्हणाली, माझं घर दाखव.

मी नकाशा पसरला. कोपऱ्यांवर तिची साखरदाणी,
माझी टोपी, मांजर.
चार पाकळ्यांचं फूल होतं तिथे, मोटारींसाठी,
कुणालाही न थांबता कुठेही वळता यावं म्हणून.
"तुम्ही," मी म्हणालो, "या पाकळीत."

ती काही बोलली नाही.
पदरच्या एप्रनमधून सुई काढली,
चष्म्याशिवाय, पहिल्या फटक्यात दोरा ओवला,
आणि स्वयंपाकघर जिथे होतं तिथे
माझ्या नकाशात आरपार खुपसली.
"साहेबाला टोचली तर सांग, आयव्ही बॅटसन म्हणून बाई आहे."

साहेबाला टोचली. त्यानं ती उपटून फेकली.
भोक राहिलं.
भोकाची उचललेली कड प्रत्येक नकलेत उमटत गेली,
बारीकसं काळं वर्तुळ.
दोन-तीन वर्षांनी ठेकेदाराचा माणूस विचारायला आला,
हे काय, मॅनहोल का?
मी त्या दिवशी घाईत होतो,
किंवा नव्हतो.
हो म्हणालो.

तिला नव्या वसाहतीत फ्लॅट मिळाला, तिसरा मजला.
मी गेलो तेव्हा रडेल असं वाटलं होतं.
नळाखाली हात धरून उभी होती, वाफ चष्म्यावर.
"गरम पाणी. घरात संडास. मेल्यांनो,
पन्नास वर्षं कुठे होतात?"
शेजारच्या नुसरतच्या पोरीला ती टाके शिकवायची.
मीरपूरहून आलेली नुसरत मला म्हणाली,
म्हातारी शिवण कमी शिकवते, शिव्या जास्त.

सत्त्याहत्तरला गेली आयव्ही.
कारखान्यांतून आता गालिचे विकतात, एकात व्यायामशाळा आहे.
पाहुणे गोलात अडकतात, तीनदा फिरून फोन करतात,
आम्ही हसतो, मग घ्यायला जातो.

गुरुवारी मी बायकोला दवाखान्यात नेतो.
दुसऱ्या पाकळीत डाव्या चाकाखाली
एक लोखंडी झाकण आहे, थोडं सैल.
टक्.
त्याखाली ना गटार, ना केबल, काहीच नाही,
माझ्याशिवाय हे कुणाला माहीत नसावं.
परतताना मी उजवीकडे न जाता पुन्हा फिरतो.
"चुकलास?" बायको विचारते.
हो, म्हणतो.
टक्.